शाळेंतील उपरीं मुलें आणि आपलें वाङ्मय

शाळा हा विषय मराठी वाङ्मयास नवा नाहीं. मास्तरांची छडी, सोबत्यांच्या खोड्या, परीक्षेची धास्ती आणि मधल्या सुटींतील डबा यांच्या आठवणींनीं आमचे कित्येक लेखक सद्गदित झालेले आहेत, आणि वाचकांनींहि त्या आठवणी आवडीनें वाचल्या आहेत. परंतु या आठवणी बहुधा अशा मुलांच्या आहेत, कीं ज्यांना वर्गांत हक्काची जागा होती. ज्याला जागा मिळूनहि ती आपली वाटूं दिली गेली नाहीं, ज्याला नांवाऐवजीं हिणवणाऱ्या शब्दानें हांका मारल्या गेल्या, ज्याच्या शेजारीं बसण्याची पाळी येऊं नये म्हणून इतरांनीं बांक बदलून घेतले, अशा मुलाची हकीगत मराठींत ठळकपणें पुढें आली ती गेल्या चार-पांच दशकांत. ती कोणीं लिहिली आणि कोणीं लिहिली नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या विचारास निमित्त झालें तें एका जपानी चित्रकथेचें.

चित्रकथा हा शब्द पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. चित्रांचें पुस्तक म्हणजे मुलाला अक्षरें लागेपर्यंतची सोय, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून समजूत आहे. जपानांत तसें नाहीं. तेथें 'मांगा' नांवाच्या या चित्रकथा, आपल्या दृष्टीनें उलट म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या, लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांसाठीं लिहिल्या जातात, आणि साप्ताहिकांतून क्रमशः येऊन मग ग्रंथरूप होतात. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून आमच्याकडे शिकावयास येणारे तरुण या कथा हातांतील फोनवर वाचतात, हें आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं समजलें. त्यांपैकीं एकानें आग्रह धरला म्हणून आम्हीं 'कोए नो काताची' ही कथा इंग्रजी भाषांतरांतून वाचली, आणि ती वाचून ठेवून देण्यासारखी नाहीं असें आढळून आलें.

योशितोकी ओइमा या लेखिकेची ही कथा. तिचें एक लहान पूर्वरूप २०११ सालीं छापलें गेलें. २०१३ व २०१४ या दोन वर्षांत ती साप्ताहिकांतून येऊन सात भागांत पुरी झाली, आणि २०१६ सालीं नाओको यामादा या दिग्दर्शिकेनें तिच्यावर चित्रपट केला. नांवाचा अर्थ 'आवाजाचा आकार' असा होतो. प्राथमिक शाळेच्या सहाव्या इयत्तेंत शोको निशिमिया नांवाची एक बहिरी मुलगी नव्यानें दाखल होते. ती हातांत एक वही घेऊन येते व आपल्याशीं बोलावयाचें असेल तें या वहींत लिहा, अशी वर्गास विनंति करते. पहिले कांहीं दिवस वर्गास त्याची मौज वाटते, मग अडचण वाटूं लागते, आणि अडचणीचें रूपांतर चेष्टेंत होण्यास फार वेळ लागत नाहीं. या चेष्टेंत पुढाकार असतो शोया इशिदा या मुलाचा. तो तिच्या कानाशीं ओरडतो, तिचीं श्रवणयंत्रें हिसकून फेकतो, वही तळ्यांत टाकतो. वर्ग हंसतो. मास्तर पाहतात आणि न पाहिल्यासारखें करतात.

यंत्रांच्या किंमतीची चौकशी निघते तेव्हां मात्र सगळ्यांचीं बोटें इशिदाकडे वळतात. मास्तर त्याचेंच नांव घेतात. कालपर्यंत सोबत असणारे मित्र साक्षीदार होतात. निशिमिया शाळा सोडून जाते आणि वर्गाला नवें सावज मिळतें : तो इशिदाच. त्याच्या बांकावर रोज सकाळीं शिव्या लिहिलेल्या असतात. निशिमिया शाळेंत होती तोंवर ती लौकर येऊन त्याच्या बांकाशीं कांहीं करीत असे. ती हें लिखाण पुसत होती, हें त्याला ती गेल्यानंतर उमगतें. पुढें कित्येक वर्षें तो एकटा राहतो. आईनें भरलेले यंत्रांचे पैसे तो काम करून फेडतो, आणि जीव देण्यापूर्वीं क्षमा मागावी म्हणून, शिकून घेतलेल्या खुणांच्या भाषेसह, निशिमियाच्या शोधांत निघतो. येथून खरी कथा सुरू होते.

या कथेची मुख्य मातबरी अशी, कीं तिचा नायक छळ सोसणारा नसून छळ करणारा आहे, आणि तरीहि लेखिका त्याची वकिली करीत नाहीं. त्याला दुष्ट ठरवून ती मोकळी होत नाहीं, कीं लहानपणच्या खोड्या म्हणून त्याला सोडूनहि देत नाहीं. तो काय करीत होता आणि त्या वेळीं त्याला काय वाटत होतें, हें ती सरळ दाखविते. आणि जें वाटत होतें तें फार भयंकर नसतेंच. त्याला कंटाळा आलेला असतो. एवढ्याशा कारणानें एका मुलीचें आयुष्य नासूं शकतें, हें वाचकास पटतें तेव्हां तो अस्वस्थ होतो.

दुसरा गुण चित्रांचा. इशिदाला कोणाच्याहि तोंडाकडे पाहण्याचा धीर उरलेला नाहीं, म्हणून त्याच्या भोंवतालच्या प्रत्येक चेहऱ्यावर एक मोठी फुली मारलेली आहे. ज्याच्याशीं त्याचें मन जुळतें त्याच्या तोंडावरून ती फुली गळून पडते. हें शब्दांत सांगावयाचें तर दोन पानें लागलीं असतीं. येथें एका रेघेंत काम झालें आहे. तिसरा गुण बाजूच्या पात्रांचा. कावाई नांवाची एक हुशार, गोड बोलणारी मुलगी या वर्गांत आहे. तिनें कोणास हात लावलेला नाहीं; ती फक्त हंसत होती. 'मीं कांहींच केलें नाहीं' असें ती अखेरपर्यंत म्हणते आणि तें तिला मनापासून खरें वाटतें. आमच्या मतें या सबंध कथेंतील सर्वांत खरें पात्र हेंच आहे. असल्या कावाई प्रत्येक वर्गांत बहुसंख्य असतात, आणि पुढें त्या भल्या गृहिणी, भले अधिकारी व भले शिक्षकहि होतात.

दोषहि सांगितले पाहिजेत. निशिमियाचें मन आपल्याला इशिदाच्या मानानें फार थोडें दिसतें. ती क्षमा करावयास इतकी तयार असते, कीं ती माणूस आहे कीं दुसऱ्याच्या पश्चात्तापाची सोय, असा संशय मधून मधून येतो. तीहि जिवावर उदार होते त्या प्रसंगीं तिच्या आंतील कोंडमारा एकदम उघडा पडतो. पण तोंवर बराच उशीर झालेला आहे. शेवटच्या भागांत जुने सगळे सोबती एकत्र आणण्याची लेखिकेची धडपडहि जाणवण्याइतकी आहे. असें असलें तरी या कथेनें एक अवघड काम केलें आहे यांत शंका नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. शाळेंतील उपऱ्या मुलाची साक्ष आपल्याकडे थोरांनीं देऊन ठेविलेली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर सातारच्या सरकारी हायस्कुलांत दाखल झाले. आज महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या शालेय दिवसांविषयीं त्यांनीं पुढें इंग्रजी टिपणांत जें लिहिलें तें सुपरिचित आहे : वर्गांत निराळें बसावयाचें, बसण्याचें गोणपाट घरून आणावयाचें व घरींच न्यावयाचें, कारण झाडणारा गडी त्यास शिवणार नाहीं, आणि तहान लागली तरी शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी मिळावयाचें नाहीं. बाबासाहेब हें सांगतांना आवाज चढवीत नाहींत. शिपाई नाहीं तर पाणी नाहीं, एवढाच हिशेब ते मांडतात.

पुढें १९८० सालीं लक्ष्मण माने यांचें 'उपरा' आलें व १९८१ सालीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. गाढवांवर बिऱ्हाड लादून गांवोगांव टोपल्या विणीत हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबांतील मुलगा शाळेची पायरी चढतो, आणि त्यानंतर तो गांवालाहि उपरा आणि स्वतःच्या जातीलाहि उपरा होतो. १९८७ सालचें लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' याच मार्गानें पुढें गेलें. पोर शाळेंत जाऊं लागलें आणि वस्तींत रोगराई आली, तर तिचें खापर त्याच्या शाळेवर फोडलें जातें, हा त्यांतील प्रसंग विसरतां येण्यासारखा नाहीं. या ग्रंथांनीं मराठी गद्याला नवी भाषा दिली, आणि ज्यांना आपली शाळा म्हणजे सुखाची आठवण वाटत होती त्यांना तिच्या दाराबाहेर काय होतें तें दाखविलें.

चित्रपटांत हेंच काम नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री'नें केलें. ही कथा अकोळनेर गांवची. दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीनें निघालें तर अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येण्यापूर्वीं हें स्टेशन लागतें. आमच्याकडील प्रवाशांनीं तें खिडकींतून अनेकदां पाहिलेलें आहे. जब्या नांवाच्या कैकाडी मुलाला वर्गांतील शालू आवडते. तो काळ्या चिमणीच्या शोधांत हिंडतो, कारण तिच्या राखेनें इच्छित व्यक्ति वश होते असें त्यानें ऐकलें आहे. आणि शेवटीं गांवाच्या सांगण्यावरून त्याला आपल्या घरच्यांसह शाळेजवळच डुकरें धरावीं लागतात, तीं वर्गांतल्या मुलांच्या देखत. मुलें कठड्यावर बसून हंसतात. मध्येंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. कुटुंब जागच्या जागीं ताठ उभें राहतें, आणि हातीं आलेलें डुकर निसटतें. पुढें तें धरून, काठीला बांधून नेतांना मागील भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, गाडगेमहाराज यांचीं चित्रें दिसतात. अखेरीस जब्यानें फेंकलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो.

हा दगड कोणाला, याविषयीं पुष्कळ लिहून झालें आहे. आम्हांस येथें एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं प्रेक्षागृहांतून बाहेर पडणारा प्रत्येकजण स्वतःला जब्या समजत होता. हीच गोष्ट जपानी कथेची. आमच्या वर्गांत तिच्यावर बोलणें निघालें तेव्हां कोणी स्वतःला निशिमियाच्या जागीं पाहत होतें, कोणी एकट्या पडलेल्या इशिदाच्या. भाषा, रंग, तोतरेपणा, वडिलांचा धंदा, फाटकें दप्तर अशीं कारणेंहि त्यांनीं मोकळेपणानें सांगितलीं. परंतु त्या हंसणाऱ्या वर्गांत मी होतों, असें म्हणणारें कोणी निघालें नाहीं. तीस मुलांच्या वर्गांत एकाला छळलें जातें तेव्हां उरलेले एकोणतीस कोठें जातात? मोठे झाल्यावर ते सगळे छळलेल्याच्याच बाजूनें वाचूं लागतात, असें दिसतें.

यांत खोटेपणाच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेकांच्या वांट्यास कधींना कधीं थोडें उपरेपण आलेलें असतें. आम्ही स्वतः लहानपणीं वडिलांच्या रेल्वेंतील बदलीमुळें अकोल्याहून दौंडास आलों. 'का' म्हणावयाच्या ठिकाणीं आमच्या तोंडून 'काऊन' गेलें, आणि दुसऱ्या दिवसापासून तेंच आमचें नांव झालें. मास्तरहि हजेरीच्या वेळीं गमतीनें तेंच घेत. तें वर्ष आम्हांस चांगलें आठवतें. परंतु पुढच्या वर्षीं आमची बोली दौंडकरांसारखी झाली, आणि वर्गाला दुसरा एक मुलगा सांपडला. तो फासेपारध्यांच्या पालावरचा होता. वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली कीं पहिली झडती त्याच्या दप्तराची. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीं देशांतून नाहींसा झाला होता. त्या वर्गांत तो चालूच होता. आमची सुटका वर्षभरांत झाली, कारण बोली बदलतां येते. त्याला बदलावयास कांहींच नव्हतें. वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याचें येणें बंद झालें.

म्हणून आपल्या वाङ्मयांतील उपरेपण आणि जपानी कथेंतील उपरेपण यांत एक मोठा भेद आहे, व तो विसरून तुलना करणें बरोबर होणार नाहीं. इशिदा एकटा पडतो, कारण त्याच्या पाठीशीं कोणी नाहीं; वर्ग त्याला एका दिवसांत खालीं ओढूं शकतो. जब्याला हंसणाऱ्या मुलांच्या पाठीशीं सबंध गांव आहे, वाडवडिलांपासून चालत आलेली व्यवस्था आहे. त्यांच्यावर कधीं पाळी येत नाहीं. छळणाराहि छळला गेला म्हणजे त्याला दुसऱ्याचें दुःख कळतें, ही जपानी कथेची वाट आपल्याकडे बंद आहे. आपल्याकडे तें कळावयाचें तर तें स्वतःहून आठवावें लागेल, आणि लिहावें लागेल. आणि नेमकें तेंच लिहिलें गेलेलें नाहीं. 'उपरा' लिहिला गेला. पण त्याच शाळेंतील पुढच्या बांकावरच्या मुलाचें पुस्तक आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. हा मुलगा शिकला, त्याला नोकरी लागली, त्यानें शाळेच्या रम्य आठवणीहि लिहिल्या. त्या आठवणींत गोणपाट नाहीं.

याचें एक कारण आपल्या शब्दांतहि सांपडतें. जपानी भाषेंत या छळाला 'इजिमे' असा एकच रोखठोक शब्द आहे, आणि ही कथा साप्ताहिकांत सुरू झाली त्याच २०१३ सालीं तेथें शाळेंतील इजिमे रोखण्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. आपण मात्र खोडी, थट्टा, टवाळी, चेष्टामस्करी असे शब्द वापरतों, आणि त्यांतला प्रत्येक शब्द करणाऱ्याला सांभाळून घेतो. 'खोडकर' हें तर कौतुकाचें विशेषण आहे. मोठ्यांनीं एखाद्या कुटुंबाशीं बोलणें-चालणें तोडलें तर आपण त्याला वाळीत टाकणें म्हणतों, आणि २०१६ सालच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानें महाराष्ट्रांत तो गुन्हा ठरला आहे. तेंच वर्गानें एका मुलाशीं केलें तर आपण त्याला 'कट्टी' म्हणतों आणि स्वयंपाकाला लागतों. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केलेली आहे. परंतु ज्याला आपण छळ म्हणतच नाहीं त्याला बंदी कशी लागू व्हावी?

आणि हा प्रश्न जुन्या काळचा नाहीं. शिरूर व दौंड या तालुक्यांत ऊस आहे, साखर कारखाने आहेत, रांजणगांवची मोठी औद्योगिक वसाहत आहे, दौंडासारखें जंक्शन आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांचीं मुलें चार-पांच महिन्यांपुरतीं येथल्या शाळेंत बसतात, बसलीं तर. कारखान्यांतील कामगारांचीं मुलें बिहार व उत्तर प्रदेशाहून हिंदी घेऊन येतात. पालांवरचीं मुलें तर येथलींच आहेत. यांच्यांतून उद्यां एखादें 'उपरा' निर्माण होईल, आणि आपण त्याचें स्वागत करूं, पारितोषिकहि देऊं. परंतु तें आज ज्या वर्गांत घडतें आहे त्या वर्गांत आपलीं मुलें बसलेलीं आहेत.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. छळणाऱ्याची कथा लिहूं लागलें कीं पुन्हां तोच मध्यभागीं येऊन बसतो. ज्यानें सोसलें तो पुन्हां बाजूला पडतो, आणि पुढच्या बांकावरचे अश्रू मागच्या बांकावरच्या अश्रूंपेक्षां महाग ठरतात. जपानी कथेंतहि हा दोष कांहीं अंशीं आहे, तो आम्हीं वर दाखविलाच आहे. परंतु त्याच कथेंत या आक्षेपाचें उत्तरहि सांपडतें. तिच्यांतील उत्तम पान इशिदा रडतो तें नव्हे. आपला बांक रोज सकाळीं कोण पुसत होतें हें त्याला कळतें, तें होय. तेथें तो क्षमा मागत नाहीं, स्वतःची कींव करीत नाहीं. त्याला केवळ एक गोष्ट दिसते, जी त्याच्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. अशा प्रकारचें लेखन आपल्याकडे हवें आहे. तें 'उपरा'च्या जागीं ठेवावयाचें नाहीं, त्याच्या शेजारीं ठेवावयाचें आहे. त्यांत पश्चात्तापाचा गहिंवर नसला तरी चालेल. कोण कोठें बसत होतें, कोणाला काय म्हणत होते, कोण हंसत होतें आणि मास्तर काय करीत होते, एवढें नीट लिहिलेलें असलें म्हणजे पुरे.

तोंवर निदान वाचण्याची रीत तरी बदलतां येईल. 'उपरा' किंवा 'उचल्या' घरांत वाचला जातो, 'फँड्री' सर्वजण मिळून पाहतात. तेव्हां त्या मुलाबद्दल हळहळून झाल्यावर थोडा वेळ त्या वर्गाकडेहि पाहावें. ही जपानी कथा तर घरोघरच्या तरुण मुलांपाशीं आधींच आहे. ती त्यांच्याकडून मागून घेऊन वाचण्यास आईबापांनीं कमीपणा मानूं नये. आणि शाळेंतून आलेल्या मुलाला आपण रोज विचारतों, कीं तुला कोणी त्रास दिला का? तो प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, कीं मधल्या सुटींत तुमच्या वर्गांत एकटें कोण बसतें? मुलाला उत्तर माहीत असतें. तें ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.